हवा हवी की दाब? (एका पंख्याची खाणीतली गोष्ट)

कॉम्प्युटरसाठी १२० मिलिमीटरचा पंखा घ्यायला गेलात की काउंटरपलीकडून प्रश्न येतो, "एअरफ्लो देऊ का स्टॅटिक प्रेशर?" आपण चेहरा शक्य तितका जाणकार ठेवतो आणि ज्याच्या खोक्यावर मोठा आकडा छापलाय तो पंखा उचलतो. पण खोक्यावर आकडे दोन असतात, आणि गंमत म्हणजे ते दोन्ही एकाच वेळी कधीच खरे नसतात. हा घोळ समजायला थोडं मागे जावं लागेल. थोडं म्हणजे दीडशे-पावणेदोनशे वर्षं. आणि तेही इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणीत!

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात खाणीत हवा खेळवायची सर्रास पद्धत म्हणजे तळाशी भट्टी पेटवणे. गरम हवा एका विहिरीतून वर चढते आणि तिच्या जागी दुसरीकडून ताजी हवा आत ओढली जाते. (हो, जिथे मिथेन साचतो तिथेच आग. काय बोलणार?) कोळसा जितका खोल, तितके बोगदे लांब, वळणाचे, अरुंद. वरून भरपूर हवा सोडली तरी ती टोकाला काम करणाऱ्यापर्यंत पोचेलच याची खात्री नाही.

ह्या "पोचेलच याची खात्री नाही" चं गणित जॉन जॉब अ‍ॅटकिन्सन या इंजिनियरने १८५४ साली मांडलं. न्यूकॅसलच्या खाण-अभियंत्यांच्या संस्थेपुढे वाचलेल्या निबंधात त्याने दाखवलं की बोगद्यातून हवा ढकलायला लागणारा दाब हवेच्या प्रमाणाच्या वर्गात वाढतो. हवा दुप्पट हवी तर दाब चौपट लागतो, आणि ताकद आठपट! आजही खाणीतल्या वायुवीजनाची पुस्तकं ह्याच सूत्रापासून सुरू होतात.

पुढे १८७० च्या दशकात दानिएल म्यूर्ग नावाच्या फ्रेंच इंजिनियरला एक सुरेख कल्पना सुचली. त्याने म्हटलं, अख्खी खाण विसरा. तिच्याऐवजी पातळ पत्र्यातलं एक भोक डोळ्यांसमोर आणा, हवेला खाणीइतकाच अडथळा करणारं. भोक मोठं तर खाण "मोकळी", भोक छोटं तर खाण "कोंडलेली". आता पंखा कुठला हे ठरवणं सोपं झालं, कारण प्रश्न "कुठला पंखा चांगला" हा राहिलाच नाही. प्रश्न झाला, "ह्या भोकाला कुठला पंखा चांगला?"

आपल्याकडे हे ज्ञान वेगळ्या रूपात होतंच की. उकडतं तेव्हा हातपंखा लागतो, पण लोहाराला हातपंख्याने चालत नाही, त्याला भाता लागतो. निखाऱ्यांच्या ढिगातून हवा घुसवायची तर नुसता वारा उपयोगाचा नाही, मागे रेटा हवा.

आता परत आपल्या खोक्याकडे. खोक्यावरचा हवेचा आकडा हा पंख्यासमोर काहीच अडथळा नसतानाचा असतो. दाबाचा आकडा समोरची वाट पूर्ण बंद असतानाचा, म्हणजे हवा शून्य. तुमच्या कॅबिनेटमधला पंखा ह्या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी जगतो. नेमका कुठे, ते तुमचं "भोक" ठरवतं.

उदाहरण बघू. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचे दोन पंखे, दोन्ही १२० मिमी. एनएफ-एस१२ए हा १२०० फेऱ्यांना ताशी १०७.५ घनमीटर हवा देतो, दाब १.१९ मिमी (पाण्याच्या स्तंभाच्या मापात). एनएफ-एफ१२ हा १५०० फेऱ्यांना ९३.४ घनमीटर आणि २.६१ मिमी. तुम्ही म्हणाल, त्याच्या फेऱ्याच जास्त आहेत! बरोबर. दाबही फेऱ्यांच्या वर्गात बदलतो, म्हणून दुसरा १२०० वर आणला तर हिशेबाने दाब साधारण १.६७ मिमी उरतो आणि हवा ७५ घनमीटरच्या आसपास. म्हणजे आकड्यातला बराचसा फरक नुसत्या वेगाचा होता, पण सगळा नाही. उरलेला फरक पात्यांच्या घडणीचा.

मग हा प्रश्न पीसीच्या जगात इतका उशिरा का आला? कारण तोवर खाण खोल नव्हती. १९८१ च्या आयबीएम पीसीत पंखा होता तो फक्त पॉवर सप्लायमध्ये. १९९३ चा पहिला पेंटियम १५ वॅटच्या आसपास तापायचा. २००४ च्या प्रेस्कॉट पेंटियम ४ ने शंभरी ओलांडली. मग आले दाट पात्यांचे हीटसिंक, पाण्याचे रेडिएटर, धुळीच्या जाळ्या. भोक लहान होत गेलं आणि भाता लागायला लागला. २०१२ मध्ये कोर्सेअरने तर एएफ आणि एसपी अशी नावंच देऊन टाकली, आणि तेव्हापासून आपण काउंटरवर गोंधळतोय.

थोडक्यात उत्तर असं : पुढचा दरवाजा जाळीचा, मोकळा असेल किंवा पंखा मागून नुसती हवा बाहेर फेकत असेल तर एअरफ्लोवाला. रेडिएटर, दाट हीटसिंक किंवा बारीक फिल्टर समोर असेल तर प्रेशरवाला. पुण्या-मुंबईच्या धुळीत फिल्टर काढायची सोय नाही, तेव्हा पुढच्या बाजूला शंका असेल तर प्रेशरवालाच.

पण पंख्याच्या आधी वाट बघा. १६ जानेवारी १८६२ ला इंग्लंडमधल्या हार्टली खाणीत पाणी उपसणाऱ्या इंजिनाची लोखंडी तुळई मोडून विहिरीत कोसळली. खाणीला विहीर एकच. मध्ये लाकडी पडदा घालून तिच्याच एका बाजूने हवा आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर! विहीर बुजली, दोन्ही वाटा एकदमच बंद झाल्या. २०४ माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती, आणि बहुतेक जण विषारी हवेत गुदमरून गेले. त्याच वर्षी कायदा झाला की खाणीला बाहेर पडायच्या वाटा किमान दोन हव्यात.

आपल्या कॅबिनेटमध्ये कोणाचा जीव जात नाही, फार तर एखादं ग्राफिक्स कार्ड. पण नियम तोच. काचेचं बंद तोंड, मागे भिंत, जाळीवर धुळीची गोधडी, आणि आपण तिसऱ्या पंख्याची किंमत बघतोय! अ‍ॅटकिन्सनचा वर्ग इथे उलटाही चालतो. वाटेतला अडथळा एक चतुर्थांशावर आणलात तर त्याच दाबात दुप्पट हवा जाते.

आणि त्याला बहुतेक वेळा फक्त एक जुना ब्रश लागतो.