नकाशावरची रेघ आणि तिचे प्रमाण

गेल्या वेळी आपण बहमनी काळातल्या व्यापाराबद्दल बोललो. आज त्या व्यापाराचे रस्ते नकाशावर कसे काढायचे ते बघू. नकाशावर रेघ ओढली की आपण एक विधान करतो: इथून वाट जात होती. आणि विधान केले की प्रमाण द्यावे लागते. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले आणि नकाशा करताना नेमके हेच विसरलो. ती चूक आज सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच निवृत्त मंडळींनी मध्ययुगीन दख्खनच्या व्यापारी मार्गांचा मोठा नकाशा करायला घेतला. सुरुवात चौलपासून केली, कारण तिथे साक्षीदार होता. अफानासी निकितीन, रशियातल्या त्वेरचा व्यापारी. इ.स. १४७०च्या सुमारास तो विकायला एक घोडा घेऊन होर्मुझकडून समुद्रमार्गे चौलला उतरला. घोडाच का? तर दख्खनच्या फौजांना लागणारे चांगले घोडे बाहेरून आणावे लागत, आणि त्यात पैसा होता.

निकितीन वाट दिवसांत मोजतो. चौल ते पाली आठ दिवस, पाली ते उमरी दहा, पुढे जुन्नर सहा-सात. बेरीज झाली चोवीसच्या आसपास. आता नकाशावर पट्टी ठेवा. चौल ते जुन्नर सरळ अंतर भरते सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे दिवसाला पाच! घाट धरा, वळणे धरा, तरी हिशेब बसत नाही. माणूस वाटेत थांबला असेल किंवा फिरून गेला असेल. कुठला घाट चढला, हे तो लिहीत नाही.

आम्ही काय केले? चौल, पाली, नाणेघाट, जुन्नर अशी जाड लाल रेघ ओढली! जुन्नर म्हटले की नाणेघाट, हे डोक्यात बसलेले. तिथे सातवाहनांचा लेख आहे, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. नकाशा एका वाचनालयात लागला, मुलांनी तो वह्यांत उतरवून घेतला. पुढे एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पालीहून बोरघाट जवळ. मग नाणेघाटासाठी एवढे उत्तरेला कशाला जायचे?" पाली अष्टविनायकातली धरली, तर मुलीचे म्हणणे रास्त होते. आमच्याकडे उत्तर नव्हते.

घरी येऊन न्यायशास्त्राची जुनी टिपणे काढली. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द; उपमान आज बाजूला ठेवू. घाटातला रांजण हे प्रत्यक्ष. जागा पक्की, पण निकितीन तिथून गेला का, हे रांजण सांगत नाही. निकितीनचे लेखन हे शब्दप्रमाण. दिवस सापडतात, जागा निसटतात. या दोहोंना जोडणारी रेघ मात्र आमची, म्हणजे अनुमान. आणि ही तिन्ही आम्ही एकाच लाल शाईने काढली होती.

मग नकाशा पुन्हा केला. जमिनीवर खूण आहे तिथे सलग रेघ. नुसता लेखी आधार आहे तिथे तुटक रेघ, आणि तिच्यावर दिवस लिहायचे. अंदाज असेल तिथे ठिपके. उमरीला टिंब दिले नाही. त्या नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून जास्त आहेत.

शिवाय समासात महिने लिहिले. जुन्नरला निकितीनला पावसाळ्याने गाठले; चार महिने सगळीकडे पाणी आणि चिखल, असे तो नोंदवतो. तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला, धर्म बदल तर परत देतो म्हणाला. एका खुरासानी माणसाने रदबदली केली म्हणून घोडा सुटला. पुढे बीदर गाठायला महिना लागला. बघा, रस्ता म्हणजे नुसती जमीन नव्हे. त्यात पाऊस आहे, खान आहे, ओळखीचा माणूस आहे.

नवा नकाशा पहिल्यापेक्षा रिकामा दिसतो. "सर, अर्धवट वाटतो," असे लोक म्हणतात. वाटू द्या. आपल्याला जेवढे ठाऊक आहे, तेवढाच तो भरलेला आहे. वह्यांतल्या जुन्या प्रती मात्र आम्हाला परत घेता येत नाहीत. म्हणून एक विनंती: तुमच्यापैकी कुणाकडे तो नकाशा असेल, तर पाली ते जुन्नर ती लाल रेघ खोडा आणि तिथे ठिपके द्या.