नाडी नको, श्वास बघा: प्रथमोपचारातल्या एका पायरीचा इतिहास

मागच्या पावसाळ्यात शेलू स्टेशनवर कर्जत लोकलमधून उतरताना एक काका कोसळले. कुणी कांदा आणायला धावलं, कुणी मनगट धरलं. मी मानेवर बोटं ठेवून ‘नाडी लागतेय’ असं ठामपणे सांगितलं. काका दोन मिनिटांत उठून बसले. माझ्या मनात मात्र शंका राहिली: ती नाडी त्यांची होती, की माझ्याच बोटांतली?

हीच शंका संशोधकांनी मोजली कशी, ते बघा. अनेक दशकं प्रथमोपचाराच्या वर्गात सामान्य माणसालाही मानेची नाडी तपासायला शिकवत. ती त्याला खरंच कळते का? हे तपासायला नाडी नसलेला, तरी सुरक्षित असलेला माणूस हवा. तो आणायचा कुठून? जर्मनीतल्या माइन्झच्या गटाला तो सापडला हृदयशस्त्रक्रियेच्या टेबलावर! हृदय-फुप्फुस यंत्रावर रक्त सलग वाहतं, ठोका नसतो. अशा शस्त्रक्रियेच्या १६ रुग्णांवर, कधी नाडी असताना तर कधी नसताना, कमी-जास्त प्रशिक्षण घेतलेल्या २०६ जणांची परीक्षा झाली. निष्कर्ष १९९६ साली छापून आले. १० सेकंदांत निर्णय देऊ शकले फक्त १६.५ टक्के. नाडी असताना ४५ टक्के जण ‘नाही’ म्हणाले. नसताना १० टक्के जण ‘आहे’ म्हणाले. दुसरी चूक जास्त घातक, कारण मग छाती कुणी दाबतच नाही.

२००० सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सामान्य माणसासाठी नाडी वगळली. पुढे उरला श्वास. पण तिथेही फसगत होते: हृदय बंद पडल्यावर काही वेळ माणूस आचके देतो, आणि लोकांना तो श्वास वाटतो. म्हणून ‘श्वास आहे का’ऐवजी ‘श्वास नेहमीसारखा आहे का’ असं विचारायला लागले. २०१० मध्ये अमेरिकेने ‘बघा, ऐका, जाणवून घ्या’ ही पायरीच काढली. युरोपने ती १० सेकंदांच्या मर्यादेसह ठेवली. पुरावा तोच, निर्णय दोन. हेही लक्षात ठेवा.

तर, कुणी कोसळलं की खांदे हलवून हाक मारा. प्रतिसाद नसेल तर छातीकडे जास्तीत जास्त १० सेकंद बघा. श्वास नसेल किंवा नुसते आचके असतील, तर १०८ ला फोन करायला सांगा आणि छातीच्या मधोमध जोरात, भरभर दाबत राहा.

आणि संशोधनाचा विषय शोधताय ना? मग तुमच्या शाखेत सगळे बिनदिक्कत शिकवतात अशी एक पायरी वहीत लिहा. खाली विचारा: ही कुणी मोजली आहे का?