वातन व मिश्रण, वाहितमलाचे

वाहितमलातील सेंद्रिय द्रव्यांचे जीवाणूंकडून विघटन व्हावे म्हणून त्यात हवा किंवा ऑक्सिजन मिसळण्याच्या क्रियेस वातन म्हणतात. वातनामुळे पाण्यात ऑक्सिजन विरघळतो. मिश्रणामुळे ऑक्सिजन, जीवाणू व त्यांचे अन्न यांचा परस्परांशी सतत संपर्क राहतो आणि गाळ तळाशी बसत नाही. ही दोन्ही कार्ये पुष्कळदा एकाच साधनाने साधली जातात. तथापि त्यांची उद्दिष्टे भिन्न आहेत.

आवश्यकता : घरगुती वाहितमलाच्या एका लिटरमधील सेंद्रिय द्रव्यांच्या विघटनास सर्वसाधारणपणे २०० ते ३०० मिग्रॅ. ऑक्सिजन लागतो. परंतु हवेच्या संपर्कातील शुद्ध पाण्यात २०° से. तापमानास लिटरमागे सु. ९ मिग्रॅ. व ३०° से. तापमानास सु. ७.५ मिग्रॅ. एवढाच ऑक्सिजन विरघळू शकतो. म्हणून तो एकदाच देऊन भागत नाही. जसजसा खर्च होईल तसतसा पुरवावा लागतो. वाहत्या नदीत हे कार्य खळखळाट, धबधबे व वारा यांमुळे निसर्गतः होत असते. नदीतील ऑक्सिजनाचा खर्च व भरपाई यांचा संबंध दाखविणारे गणिती सूत्र स्ट्रीटर व फेल्प्स यांनी ओहायओ नदीच्या अभ्यासावरून १९२५ मध्ये मांडले. नदी अनेक किमी. प्रवाहात जे करते, ते थोड्या जागेत व थोड्या तासांत घडवून आणणे हाच संस्करण केंद्रातील वातनाचा हेतू होय.

सक्रियित गाळाचा शोध : वाहितमलात नुसती हवा सोडण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड व अमेरिका येथे झाले; पण शुद्धीकरणास फार वेळ लागे. मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट फाउलर यांनी १९१२ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स येथील प्रयोग पाहिले. त्यांच्या सूचनेवरून एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांनी मँचेस्टरजवळील डेव्हीहल्म केंद्रात बाटल्यांमधून प्रयोग सुरू केले. प्रथम वाहितमलातील अमोनियाचे नायट्रेटात पूर्ण रूपांतर होण्यास सु. पाच आठवडे लागले. मात्र बसलेला गाळ फेकून न देता त्यावरच नवे वाहितमल पुनःपुन्हा घेतल्यावर हा अवधी चोवीस तासांच्या आत आला. गाळ म्हणजे टाकाऊ पदार्थ नसून जीवाणूंचा साठा आहे, हे यातून स्पष्ट झाले. हे संशोधन ३ एप्रिल १९१४ रोजी मँचेस्टर येथे सादर करण्यात आले. फाउलर १९१६ मध्ये बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले आणि या प्रक्रियेचे ज्ञान तिच्या बाल्यावस्थेतच भारतात पोहोचले.

पद्धती : वातनाच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत दाबाखालील हवा टाकीच्या तळाशी बसविलेल्या सच्छिद्र चकत्यांतून किंवा नळ्यांतून बुडबुड्यांच्या रूपाने सोडतात. बुडबुडे जितके बारीक, तितके पाण्याशी संपर्काचे क्षेत्र अधिक व ऑक्सिजन विरघळण्याचे प्रमाण जास्त. परंतु बारीक छिद्रे लवकर बुजतात. चिनी मातीच्या चकत्यांची जागा पुढे बहुतांशी रबरी पटलांनी घेतली. दुसऱ्या पद्धतीत पृष्ठभागावर फिरणाऱ्या पंख्याने, शंकूने वा कुंच्याने पाणी उडवून हवेत मिसळतात. शेफील्ड येथील वल्ह्यांचे प्रवाहमार्ग, बरी येथील बोल्टन यांचा शंकू व नेदर्लंड्समधील केसनर यांचा कुंचा ही या पद्धतीची आरंभीची साधने होत. पास्वीर यांनी १९५४ मध्ये नेदर्लंड्समधील फोरस्कोटेन येथे लंबवर्तुळाकार चर खणून त्यात आडव्या कुंच्याने हवा व गती दोन्ही देण्याची सोय केली. हा ऑक्सिडीकरण चर लहान गावांस सोयीचा ठरला.

मिश्रण : चरातील प्रवाहाचा वेग सेकंदास सु. ०.३ मी. पेक्षा कमी झाल्यास गाळ तळाशी बसतो आणि तेथे कुजून दुर्गंधी सुटते. अशा वेळी पृष्ठभागी पुरेसा ऑक्सिजन असूनही प्रक्रिया बिघडते. उलट, नायट्रेटातील नायट्रोजन काढून टाकण्यासाठी काही टाक्यांत हवा न देता केवळ ढवळावे लागते. त्यासाठी पाण्यात बुडविलेले ढवळक वापरतात. वातनास बहुधा केंद्राच्या एकूण विजेपैकी सु. निम्मी वीज लागते. त्यामुळे वीजपुरवठा खंडित होणे किंवा खर्च वाचविण्यासाठी यंत्रे बंद ठेवणे ही या पद्धतींची मोठी उणीव ठरते.

विदर्भातील स्थिती : नागपूर येथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (१९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) विजेवाचून चालणाऱ्या स्थिरीकरण तलावांचा विशेष अभ्यास केला. या तलावांत शैवले सूर्यप्रकाशात ऑक्सिजन पुरवितात. भारतातील अशा तलावांची रचना व देखभाल यांविषयीचा अर्सीवाला व सहकाऱ्यांचा ग्रंथ संस्थेने १९७० मध्ये प्रसिद्ध केला. जमीन पुष्कळ लागत असल्याने मोठ्या शहरांपेक्षा लहान नगरांस ही पद्धत अधिक उपयुक्त आहे.

नागपूर शहराच्या भांडेवाडी येथील संस्करण केंद्रात एकाच टाकीत वाहितमल भरणे, हवा देणे, गाळ बसू देणे व वरचे पाणी काढून घेणे हा क्रम यंत्रनियंत्रणाने चालतो. आर्डर्न व लॉकेट यांच्या बाटलीतील पद्धतीचेच हे सुधारित रूप होय. शुद्ध केलेले पाणी कोराडी येथील औष्णिक वीज केंद्रास पुरविले जाते. परंतु शहराचे सर्व वाहितमल संस्करण केंद्रांपर्यंत पोहोचत नाही. उरलेले नाग नदीतून कन्हान नदीत व तेथून वैनगंगेत जाते.

नाग नदीचा हा प्रवाह पवनी तालुक्यातील गोसीखुर्द (इंदिरा सागर) प्रकल्पाच्या जलाशयात येऊन मिळतो. प्रकल्पाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली व २००९ मध्ये त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धरणाच्या खालच्या अंगास वैनगंगेकाठी पवनी हे प्राचीन स्तूपावशेषांसाठी प्रसिद्ध असलेले नगर आहे. वाहत्या नदीस पृष्ठभागावाटे मिळणारा ऑक्सिजन संथ व खोल जलाशयात पुरेसा मिळत नाही. धरणाच्या दारांतून कोसळताना पाण्यात हवा मिसळते. पण रोगजंतू, तसेच जलपर्णीच्या वाढीस पोषक असलेले नायट्रोजन व फॉस्फरस त्यामुळे नाहीसे होत नाहीत. हे काम नदीवर न सोपविता ते उगमाशी, म्हणजे शहरातच, करणे आवश्यक आहे.

वातनाचे तत्त्व माहीत होऊन शतकाहून अधिक काळ लोटला आहे. पवनीच्या नदीकाठी येणाऱ्या पाण्याची प्रत आता नव्या शोधापेक्षा तीन गोष्टींवर अवलंबून आहे : शहरातील प्रत्येक नाला केंद्राशी जोडला जाणे, यंत्रांना अखंड वीज मिळणे आणि त्यांची देखभाल नियमित होणे.