पर्जन्यनक्षत्रें आणि वृक्षनिमित्तें : चिमूरच्या रानावरून कांहीं विचार

सहदेव-भाडळीच्या नांवावर चालणारीं पर्जन्यवचनें जुन्या बाडांत वारंवार सांपडतात. संग्राहक तीं बहुधा ज्योतिषाच्या गठ्ठ्यांत बांधून ठेवतात. त्यांचा काळ ठरविण्याच्या भरीस कोणी पडत नाहीं. उत्तरेकडील घाघ-भड्डरी, राजस्थानांतील डंक-भडळी, बंगालमधील खना यांचीं वचनें याच जातीचीं. अशा वचनांचा कर्ता शोधीत बसण्यांत हांशील नाहीं. परंतु तीं केव्हां व कोणत्या मुलुखांत रूढ झालीं, हें ठरविण्याचें एक साधन वचनांच्या आंतच आहे.

शेतकरी व माळी ज्यांस पावसाचीं नक्षत्रें म्हणतात तीं सूर्याचीं होत, चंद्राचीं नव्हेत. अयनचलनामुळें सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूच्या मानानें सुमारें ७२ वर्षांत एक दिवस पुढें सरकतो. चित्रापक्षाच्या गणितानें हल्लीं मृग ७ किंवा ८ जूनला लागतो. वराहमिहिरानें पंचसिद्धान्तिकेंत शके ४२७ (इ. स. ५०५) हें वर्ष गणिताच्या आरंभास धरलें आहे, त्या सुमारास हाच प्रवेश आजच्या ग्रेगरी मानानें मे महिन्याच्या मध्यावर पडत असे. किंबहुना ही सरक त्या आचार्यासहि ठाऊक होती. बृहत्संहितेच्या आदित्यचाराध्यायांत तो सांगतो कीं, पूर्वीं दक्षिणायन आश्लेषांच्या अर्धावर होत असे, आपल्या काळीं तें कर्कारंभीं होतें. आज तें मृगाच्या अखेरीस येऊन ठेपलें आहे.

चिमूरकडे मोसमी पाऊस साधारणपणें जूनच्या मध्यास पोंचतो. पावसाचें येणें तेव्हांहि असेंच होतें असें धरल्यास, शके ४२७ मध्यें तो पुनर्वसूंत सुरू होत असला पाहिजे. मृगांत कडक ऊनच असणार. सबब मृगांत पऱ्हे टाकण्यास व पुनर्वसु-पुष्यांत धानाची रोवणी करण्यास सांगणारीं वचनें वराहमिहिरकालीन परंपरेचा अनुवाद नव्हेत. तीं अलीकडील कांहीं शतकांत बसलेलीं दिसतात. मात्र येथें एक सावधगिरी हवी. कोंकणांत पाऊस चिमूरच्या आधीं सुमारें आठ दिवस येतो, आणि आठ दिवसांचा हा स्थलभेद साडेपांच शतकांच्या कालभेदाएवढा दिसतो. पोथी कोठें लिहिली हें कळल्यावांचून तिच्या नक्षत्रांवरून काल काढणें म्हणजे हवेंत बाण मारणें होय. रेवतीपक्ष व चित्रापक्ष यांतील सुमारें चार अंशांचा भेद तर वेगळाच.

वृक्षांच्या खुणांस मात्र अयनचलन बाधत नाहीं. बृहत्संहितेच्या कुसुमलताध्यायांत फुलाफळांच्या विपुलतेवरून पिकांचें भाकीत आहे : तेंदूवरून साठी भात, मोहावरून गहूं, जांभळीवरून तीळ व उडीद, आणि पिंपळावरून सर्वच धान्यें. यादीच्या आरंभीं सालवृक्षावरून कलम जातीची साळ सांगितली आहे. चिमूरचें रान सागाचें, तेथें साल नाहीं; परंतु तेंदू, मोह व जांभूळ विपुल. तालुक्यांत धानाच्या बांध्याहि आहेत आणि काळ्या मातीचीं शेतेंहि, त्यामुळें या श्लोकांची परीक्षा घेण्यास असें ठिकाण क्वचितच मिळेल. अडचण एवढीच कीं, विडीच्या पानांसाठीं तेंदूचीं झुडपें छाटलीं जातात. फळ पाहावयाचें तर मोठें झाडच शोधावें लागतें.

बहावा फुलल्यावर दीड महिन्यानें पाऊस येतो, ही समजूत सर्वत्र आहे. ती बहुतेक वर्षीं खरी ठरते याचें आश्चर्य नाहीं, कारण बहावा वैशाखाच्या उन्हांत फुलतो आणि पाऊस ज्येष्ठाअखेर येतोच. मोहाचें तसें नाहीं. तो पानें गाळून फाल्गुन-चैत्रांत फुलतो. तो फुलोरा झाडानें आधीं सांठविलेल्या अन्नावर पोसलेला असतो. म्हणून बहुवर्षायु झाडांचा बहर हा पुढील पावसाच्या भाकितापेक्षां मागील पावसाचा जमाखर्च अधिक आहे, असें माझें मत आहे. दोन्ही पाऊस एका मापाचे क्वचितच असतात.

त्याच ग्रंथांतील वृक्षायुर्वेदाध्याय अधिक भरंवशाचा, कारण तेथें भाकीत नसून कृति आहे. दोन झाडांत वीस हात अंतर उत्तम, सोळा मध्यम, बारा कनिष्ठ. फांद्या न फुटलेलें रोप शिशिरांत, फांद्या फुटलेलें हेमंतांत व मोठ्या बुंध्याचें वर्षारंभीं हलवावें. उन्हाळ्यांत सकाळसंध्याकाळ, थंडींत दिवसाआड आणि पावसाळ्यांत माती सुकेल तेव्हां पाणी द्यावें. लागवडीचीं नक्षत्रें येथें चंद्राचीं, म्हणून दर महिन्यास परतून येणारीं. त्यांच्यावरून पोथीचा काल निघत नाहीं. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदाची ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांतील पोथी सिकंदराबादेहून १९९६ सालीं छापली गेली. भाडळीच्या बाडांची यादी करतांना लेखनस्थळ, पहिल्या पेरणीचें नक्षत्र आणि वचनांत आलेलीं झाडांचीं नांवें हीं तीन जशींच्या तशीं उतरून घ्यावीं. लेखकानें साल लिहिला आहे कीं तेंदू, एवढ्यावरून पोथीचा मुलूख ओळखतां येण्याचा संभव आहे.