आंतरजालावरील खेळांतील गृहव्यवस्था आणि औरंगाबादचे पुरे

इतिहास विभागाच्या पत्रिकेत संगणकावरील खेळांचा विषय यावा, हे काही वाचकांस प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या खेळात हजारो माणसे एकाच कल्पित प्रदेशात एकाच वेळी वावरतात, तेथे व्यापार करतात, संघ स्थापन करतात आणि वर्षानुवर्षे परत येत राहतात, त्या प्रदेशात एक फार जुना प्रश्न लवकरच उभा राहतो. तो म्हणजे, राहावयाचे कोठे? आंतरजालावरील भूमिकाखेळांचे रचनाकार गेली सुमारे चाळीस वर्षे या प्रश्नाचे उत्तर शोधीत आहेत. सतराव्या शतकात हाच प्रश्न आजच्या छत्रपती संभाजीनगराच्या, म्हणजे तत्कालीन औरंगाबादच्या, भूमीवरही उपस्थित झाला होता. या दोन ठिकाणच्या उत्तरांची तुलना करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. घराचे चित्र काढणे, त्यास दारे-खिडक्या बसविणे आणि आत सामानसुमान मांडणे हा गृहव्यवस्थेचा सोपा भाग होय. अवघड भाग नियमांचा आहे. भूमी मर्यादित ठेवावयाची की अमर्याद? घरास शेजार असावा की नसावा? आणि धारक दीर्घ काळ दूर गेला तर त्याच्या घराचे काय करावे? या तीन प्रश्नांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत निर्णायक आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम नगराचा विचार करू. खाम नदीकाठच्या खडकी या गावी मलिक अंबराने १६१० मध्ये निजामशाहीची राजधानी वसविली. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याने उत्तरेकडील टेकड्यांतील पाणी भूमिगत नहरीने नगरात आणले. ही नहर केवळ उताराच्या बळावर वाहत असे. तिच्या मार्गावर देखभालीसाठी ठिकठिकाणी उघडी तोंडे ठेविली होती. १६२६ मध्ये मलिक अंबर मृत्यू पावला, त्याच्या पुत्राने नगरास फतेहनगर हे नाव दिले, आणि पुढे दख्खनचा सुभेदार असताना औरंगजेबाने ते बदलून औरंगाबाद केले. नावे बदलत गेली, धनी बदलत गेले. नहर मात्र वाहत राहिली. घरांच्या आधी घरांना एकत्र बांधणारी वस्तू कोणती याचा विचार व्हावा लागतो, हा या नगराचा पहिला धडा होय.

मोगल काळात येथे सुभेदारासमवेत मनसबदार आले आणि त्यांनी आपापले पुरे वसविले. पुरा म्हणजे एका सरदाराच्या वाड्याभोवती त्याचे शिपाई, कारकून, कारागीर व व्यापारी यांची वस्ती. या नगरात बावन पुरे होते अशी लोकपरंपरा आहे. जयसिंगपुरा, पहाडसिंगपुरा, कर्णपुरा, पदमपुरा, बेगमपुरा ही नावे आजही नगरवासीयांच्या तोंडी आहेत. पहाडसिंगपुऱ्यातील सोनेरी महाल मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरालगत उभा असून तो बुंदेला सरदाराच्या निवासाची साक्ष देतो. १६८२ मध्ये मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भयाने नगरास तटबंदी घालण्यात आली, तेव्हा काही पुरे तटाच्या आत तर काही बाहेर राहिले.

मोगल व्यवस्थेत सरदाराचा दर्जा वंशपरंपरेने चालत नसे. त्यास मिळालेली जहागीर काही वर्षांनी बदलली जाई, आणि तो मरण पावला असता सरकारचे येणे वसूल करण्यासाठी त्याच्या मालमत्तेवर टाच येत असे. फ्रेंच प्रवासी बर्निये याने मंत्री कोल्बेर यास लिहिलेल्या पत्रात यावर कठोर टीका केली आहे. जे आपले नाही आणि आपल्या मुलांचे होणार नाही, त्याची डागडुजी कोण करील, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे. बर्नियेचे हे मत सर्वस्वी ग्राह्य नाही. खुद्द औरंगाबादचे पुरेच त्याच्या विरुद्ध पुरावा देतात.

कर्णपुऱ्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. बिकानेरचा राजा कर्णसिंह १६६९ मध्ये निवर्तला. त्याच्या नावाचा कर्णपुरा, त्याच्या पुत्रांच्या नावांचे पदमपुरा व केसरीसिंगपुरा, आणि कोकणवाडी ही स्थाने मात्र बिकानेर संस्थानाकडेच राहिली. मोगल सत्ता क्षीण झाली. १७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादेस गेली आणि औरंगाबादचे वैभव ओसरले. तरीही शेकडो कोस दूर, वाळवंटात असलेल्या संस्थानाचा या चार स्थानांवरील हक्क सुटला नाही. अखेर १९०४ मध्ये इंग्रज सरकारने औरंगाबादच्या छावणीसाठी ती घेतली आणि त्यांच्या मोबदल्यात संस्थानास पंजाबातील हिसार जिल्ह्यातील दोन गावे दिली. म्हणजे धारक सव्वादोनशेहून अधिक वर्षे अनुपस्थित होता, परंतु वस्ती ओस पडली नाही. कर्णपुऱ्याच्या देवीची यात्रा आजही नवरात्रात भरते. धनी नसतानाही पुरा टिकला, कारण तो केवळ धन्याचे घर नव्हता. तेथे इतरांचा राबता होता.

आता खेळांकडे वळू. १९८६ मध्ये लुकासफिल्म कंपनीने ‘हॅबिटॅट’ नावाचा खेळ प्रायोगिक स्वरूपात चालविला. त्यात प्रत्येक खेळाडूस एक घर विनामूल्य मिळत असे. मॉर्निंगस्टार व फार्मर या त्याच्या रचनाकारांनी पुढे लिहिलेल्या निबंधात वीस हजार घरे, त्यांची नगरे आणि रस्ते आखण्याच्या कामाचे वर्णन आहे. मध्यवर्ती कार्यालयात बसून सर्व तपशील ठरविणे अशक्य असते, हा त्यांचा निष्कर्ष होता. कोणत्याही नगररचनाकारास तो परिचित वाटेल.

१९९७ मधील ‘अल्टिमा ऑनलाइन’ या खेळात याहून वेगळी रीत होती. खेळाडूने घराचे खरेदीखत विकत घ्यावे आणि खुल्या रानात जागा सापडेल तेथे घर उभारावे. परिणामी अल्पावधीत मोकळी भूमी संपली. २००० मध्ये चालकांनी त्या प्रदेशाची दुसरी प्रत निर्माण केली, तीही झपाट्याने भरली. सोडून दिलेली घरे भूमी अडवून बसू नयेत म्हणून एक नियम होता : धारक ठराविक काळात आला नाही तर घर जीर्ण होत जाई व शेवटी कोसळे. कोसळण्याच्या घटकेस आतील वस्तू उघड्यावर पडत आणि त्या लुटण्यासाठी भोवती गर्दी टपून बसे. बर्नियेने जे दरबारात पाहिले, त्याचे हे विलक्षण प्रतिबिंब म्हणावे लागेल.

भूमीच्या टंचाईवर दुसरा उपाय म्हणजे भूमीच नाहीशी करणे. २००४ मधील ‘एव्हरक्वेस्ट टू’ या खेळात एकाच दारातून शिरणारे शेकडो खेळाडू आपापल्या स्वतंत्र खोलीत पोहोचत. टंचाई मिटली, परंतु शेजारही मिटला. २००७ मध्ये ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन’ने मधला मार्ग पत्करला. तेथे माणसे, हॉबिट, बुटके आणि एल्फ अशा चार जातींच्या शैलीतील वसाहती होत्या. एक भरली की तशीच दुसरी उघडावयाची. येथे शेजार होता, परंतु शेजाऱ्यांनी घराबाहेर पडावे असे कारण फारसे नव्हते. खेळाचे बाजार व सभास्थाने अन्यत्र होती. वसाहती सुबक असूनही सुन्या राहतात, अशी तक्रार होत राहिली. त्यांना पुरा मिळाला होता. नहर मिळाली नव्हती.

‘फायनल फँटसी फोर्टीन’ या खेळाने २०१३ पासून उलट दिशा धरली. भूखंड मोजके, सर्वांना दिसणारे आणि म्हणून प्रतिष्ठेचे. रिकाम्या भूखंडाच्या फलकाशी खेळाडू तासन्‌तास तिष्ठत. २०२२ मध्ये सोडत सुरू झाली. म्हाडा आणि सिडको यांच्या सोडतींची सवय असलेल्या महाराष्ट्रीय वाचकास या व्यवस्थेचे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. धारक पंचेचाळीस दिवस घरी फिरकला नाही तर घर पाडले जाते. २०२० मध्ये महामारी आली तेव्हा चालकांना हे पाडकाम काही काळ स्थगित करावे लागले. या स्थगितीत नियमाच्या उणिवेची कबुलीच आहे. अनुपस्थिती म्हणजे त्याग नव्हे. माणूस आजारी असतो, परीक्षेस बसलेला असतो, घरात कोणी गेलेले असते. यामुळे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या चालकांनी २०२५ च्या आरंभी आपल्या नियोजित गृहव्यवस्थेविषयी दिलेले वचन लक्षणीय ठरते : सोडत नाही, जाचक देखभालखर्च नाही, आणि वर्गणी थांबली तरी घर जप्त होणार नाही.

या तुलनेस मर्यादा आहेत. खेळातील घरात ऊन-पाऊस लागत नाही. तेथून उठविलेला मनुष्य रस्त्यावर येत नाही. उलट पुऱ्यांची नावे सरदारांची असली तरी त्यांच्या भिंती ज्यांनी रचल्या त्या बेलदार-गवंड्यांचे नाव कोणत्याही दरवाजावर नाही. खेळाच्या नफ्यातोट्याचे माप त्या श्रमांस लावणे अन्यायाचे होईल. तथापि नियमांच्या परीक्षेपुरती तुलना उपयुक्त आहे.

त्यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. भूमी मर्यादित ठेवावयाची असेल तर अनुपस्थित धारकाकडून ती परत घेण्याचा नियम करावा लागतो, आणि तो नियम कितीही सौम्य केला तरी केव्हा ना केव्हा निरपराध माणसावर कोसळतो. भूमी अमर्याद केली तर हा अन्याय टळतो, परंतु ओसाडी येते. या पेचातून सुटण्याची वाट घराच्या आत नसून घराबाहेर आहे. पाणवठा, बाजार, देवस्थान, म्हणजे जेथे धन्यावाचूनही लोक येत राहतील असे काही, रचनाकाराने घरांच्या आधी योजिले पाहिजे. तसे केल्यास अनुपस्थिताचे घर राखूनही आळी जागती राहते. बिकानेरच्या राजाचा वाडा कर्णपुऱ्यात कोठे होता हे आज यात्रेकरूंपैकी कोणी विचारीत नाही. ते देवीस येतात, आणि त्यांच्या येण्याने राजाचे नाव राहिले आहे.