जुन्या पडद्याचे दोष आणि चित्राचा खरेपणा

निन्टेंडो कंपनीचा ‘गेम बॉय’ २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये विक्रीस आला, तेव्हा त्याचा पडदा त्या काळच्या मानानेही साधाच होता. १६० बाय १४४ पिक्सेल, अवघ्या चार छटा, स्वतःचा प्रकाश नाही आणि सगळ्या चित्रावर पिवळसर हिरवी झाक. त्याच वर्षी आलेल्या ‘अटारी लिंक्स’चा आणि पुढच्या वर्षी आलेल्या ‘सेगा गेम गिअर’चा पडदा रंगीत होता, शिवाय मागून उजळलेला. केवळ चित्राच्या प्रतीवर निवाडा व्हायचा असता, तर गेम बॉय पहिल्याच फेरीत बाद झाला असता. प्रत्यक्षात त्याची आणि त्याच्या रंगीत आवृत्तीची मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक यंत्रे खपली.

यामागे विजेचा साधा हिशेब होता. पडद्यामागचा दिवा सतत वीज खातो. गेम गिअरचे सहा पेन्सिल सेल काही तासांतच संपत. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून अधिक चाले. जुने, स्वस्त आणि पूर्ण परिचयाचे तंत्रज्ञान नव्या कामाला जुंपावे, हा त्याचे रचनाकार गुनपेई योकोई यांचा आग्रह होता.

त्या हिरव्या झाकेमागे मात्र भौतिकशास्त्र आहे. १९७० साली शाट आणि हेलफ्रिश यांनी सिद्ध केलेल्या पडद्यात द्रवस्फटिकाच्या रेणूंना ९० अंशांचा पीळ दिलेला असतो. गणकयंत्रातील मोजक्या आकड्यांसाठी तो पुरेसा होता. परंतु १४४ ओळी एकामागून एक चालवायच्या, तर प्रत्येक ओळीच्या वाट्याला वेळेचा अगदी लहान अंश येतो. गणित असे सांगते, की अशा वेळी उजळ आणि काळ्या पिक्सेलच्या व्होल्टेजमध्ये फार तर ९ टक्के फरक ठेवता येतो. एवढ्या फरकावर ९० अंशांचा पीळ ठळक चित्र उमटवू शकत नाही. १९८०च्या दशकात पीळ १८० ते २७० अंशांपर्यंत वाढवण्यात आला, तेव्हा तेवढ्याच फरकाला रेणू जोमाने प्रतिसाद देऊ लागले. या सुधारणेची किंमत दोन प्रकारे मोजावी लागली: द्विअपवर्तनामुळे प्रकाशाला रंगाची झाक आली आणि रेणूंची हालचाल मंदावली. १९९६च्या ‘गेम बॉय पॉकेट’मध्ये भरपाई करणारा पातळ पापुद्रा आला आणि चित्र करड्या छटांचे झाले.

ही मंदगती खेळ लिहिणाऱ्यांच्या कामी आली. यंत्र सेकंदाला सुमारे ६० चित्रे काढी, म्हणजे एक चित्र जेमतेम १७ मिलिसेकंदांचे. रेणूंना वळायला त्याहून बराच अधिक वेळ लागे. म्हणून एखादी आकृती एका चित्रात दाखवून पुढच्यात लपवली, की ती अर्धपारदर्शक भासे. तोच खेळ आजच्या चपळ पडद्यावर लावला, की ती आकृती नुसती लुकलुकते.

२००१च्या ‘गेम बॉय ॲडव्हान्स’चा पडदा रंगीत असूनही अंधारा होता. त्याच वर्षीच्या ‘कॅसलव्हेनिया: सर्कल ऑफ द मून’मधील काळोखी दालने त्यावर नीट दिसत नसत, पुढच्या वर्षीच्या ‘हार्मनी ऑफ डिसोनन्स’मध्ये रंग मुद्दाम भडक केले गेले. उजळ पडद्यावर आज हेच रंग अंगावर येतात. आकारमानाचाही प्रश्न आहे. १०८० ओळींच्या पडद्यावर १४४ ओळी ताणल्या, तर गुणोत्तर साडेसात येते. काही पिक्सेल सात ओळींचे होतात, काही आठ. २१६० ओळींवर मात्र नेमका पंधराचा भाग जातो.

तुलनेतील आणखी एक कसोटी म्हणजे पाहण्याचा कोन. पीळदार रेणूंचा पडदा तिरका धरला, की काळा रंग फिका पडतो. या दोषावरील एका उपायाचा उगम भारतात आहे. द्रवस्फटिक केवळ काठीसारख्या रेणूंचेच बनतात, अशी समजूत असताना १९७७ साली बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले आणि ते ‘प्रमाण’ या भारतीय संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध केले. अशा चकत्यांचा प्रकाशावरील परिणाम काठ्यांच्या नेमका उलट असतो. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानच्या फुजी कंपनीने त्यांचा पापुद्रा बनवून संगणकाच्या पडद्यांवर बसवला आणि तिरप्या नजरेलाही काळा रंग काळा दिसू लागला.

मग कोणता पडदा चांगला? ठळकपणा, वेग, कोन या प्रत्येक मोजमापात आजचा पडदा सरस आहे. पण चित्र केवळ पडद्याचे नसते. ते पडदा, खेळ आणि डोळा यांच्या जुळणीतून उमटते. जुन्या खेळांची आज्ञावली प्रतींच्या रूपाने टिकून आहे. पडद्याची मंदगती आणि त्याची झाक मात्र त्या आज्ञावलीत कुठेच लिहिलेली नाही. मूळ पडद्यांवर आता उभ्या रेषा गळू लागल्या आहेत, त्यांचे ध्रुवक डागाळू लागले आहेत. ते पुरते विझण्याआधी त्यांचे रंग आणि रेणूंचा वेग मोजून ठेवले, तरच पुढच्या पिढीला तो खेळ जसा दिसत होता तसा पाहता येईल. जतन करायचे ते दोषांसकटच.