न्हाणीच्या भिंतीचा रंग

घराला रंग काढायचे ठरले की बाहेरच्या खोलीच्या रंगावर घरात बरीच चर्चा होते. न्हाणीघराचा रंग मात्र दुकानातल्या कार्डावर जो बरा दिसेल तो, असा सहज ठरतो. खरे पाहता घरातली सर्वांत कठीण भिंत हीच. तिच्यावर रोज पाणी उडते, वाफ बसते, साबणाचा मळ साचतो आणि ऊन जवळजवळ पोचत नाही. रायगडच्या किनारपट्टीवर त्यात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पावसाची आणि खाऱ्या हवेची भर पडते. अशा भिंतीवर कोणता रंग टिकेल? अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनकडच्या जुन्या घरांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडवला होता. ते उत्तर कसे सापडले आणि पुढे का मोडले, ते पाहू.

शिंपल्यातून भिंतीवर

रायगड जिल्हा, म्हणजे १९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा, काळ्या बेसाल्टचा आणि दक्षिणेकडे जांभ्याचा मुलूख आहे. या खडकांत चुनखडीचे थर नाहीत. ही उणीव समुद्राने भरून काढली. शिंपला म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. कोकण किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करीत. सुमारे ९०० अंश सेल्सियस तापमानाला त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो उकळ्या फुटल्यासारखा तापतो आणि विझवलेला चुना तयार होतो. हा पातळ करून, त्यात डिंक किंवा तांदळाची खळ घालून कुंचल्याने भिंतीला दिला, की तो हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतो. भट्टीतून फिरून आलेला शिंपला भिंतीवर पुन्हा शिंपल्याच्याच पदार्थाचा थर होऊन बसतो, असे म्हणता येईल. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकल्यावर ती दुधाळ होते, हा शाळेतला प्रयोग म्हणजे याच क्रियेचे छोटे रूप आहे.

न्हाणीची भिंत पांढरी असे ती केवळ आवडीमुळे नव्हे. लहानशा झरोक्यातून येणारा थोडा उजेड पांढरी भिंत खोलीभर पसरवते, हा एक लाभ. त्याहून मोठा लाभ चुन्याच्या अल्कधर्माचा. ताज्या चुन्याचा सामू १२ च्या वर असतो. त्यात बुरशी आणि शेवाळ तग धरू शकत नाहीत. मात्र चुन्याचे कार्बोनेट झाले की हा गुण ओसरतो आणि पुढच्या पावसाळ्यात भिंत पुन्हा हिरवी-काळी पडू लागते. पाणी तापवण्याच्या चुलीची काजळीही तिच्यावर धरते. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास, पाऊस सरल्यावर, दरवर्षी नवा हात द्यायचा. सणापूर्वीची ही सफेदी म्हणजे भिंतीचे वार्षिक निर्जंतुकीकरणच होते.

चुना कोणाला टिकू देतो?

पांढऱ्याचा कंटाळा आला तर? चुन्यात कोणताही रंग मिसळून चालत नाही. हळद मिसळून पाहा. पिवळा रंग क्षणात लाल होतो. हळदीवर अल्काची क्रिया होऊन कुंकू तयार होते, हे आपल्याला घरातूनच माहीत असते. शिवाय उजेडात हळदीचा रंग विटतो. वनस्पतींचे बहुतेक रंग या परीक्षेत नापास होतात. पास होतात ते मातीचे रंग. काव किंवा गेरूची लाली आणि पिवडीचा पिवळेपणा लोहाच्या ऑक्साइडांमुळे असतो. जांभा दगडही त्यांच्यामुळेच लाल दिसतो. चुन्याचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. म्हणून जुन्या भिंतींवर पांढरा, फिका पिवळा आणि तांबूस हेच रंग पुन्हा पुन्हा दिसत. निवड माणसाने करण्याआधी चुन्याने केलेली होती.

निळ्या रंगाची कथा अधिक रंजक आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये प्रशियन निळा हा गडद आणि स्वस्त रंग सापडला. पण चुन्यात तो विघटन पावून तपकिरी पडतो. चुन्याला दाद न देणारा निळा म्हणजे अल्ट्रामरीन. तो अफगाणिस्तानातील बदख्शानच्या लाजवर्द या रत्नापासून करीत, त्यामुळे अतिशय महाग असे. १८२४ साली पॅरिसमधील एका उद्योग-प्रोत्साहन संस्थेने कृत्रिम अल्ट्रामरीनसाठी ६,००० फ्रँकचे बक्षीस जाहीर केले. १८२८ मध्ये ते झाँ-बातिस्त गिमे यांना मिळाले. त्याच वर्षी जर्मनीत ग्मेलिन यांनीही स्वतंत्रपणे आपली कृती प्रसिद्ध केली. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र भाजून हा रंग होतो. राजेलोकांच्या चित्रांतला निळा पुढे कपड्यांच्या निळीच्या पुडीतून घरोघर आला.

सफेदीत चिमूटभर नीळ घालण्याचे कारण प्रकाशशास्त्रात आहे. चुन्याची पांढरी किंचित पिवळट असते, म्हणजे ती निळा प्रकाश थोडा कमी परावर्तित करते. नीळ उरलेल्या रंगांचा थोडा प्रकाश शोषून तोल साधते. भिंतीवरून परतणारा एकूण प्रकाश खरे तर जरासा कमी होतो, पण डोळ्याला ती अधिक पांढरी वाटते.

तैलरंगांचे आगमन

विसाव्या शतकात सिमेंटचा गिलावा आणि तैलरंग आले. धुता येणारी, चकचकीत भिंत कोणाला नको? पण दोन अडचणी निघाल्या. पहिली ओलीची. जांभ्याची भिंत पाणी पिते, आणि चुन्याच्या सच्छिद्र थरातून ते बाहेरही पडते. तैलरंगाचा पापुद्रा ही वाट बंद करतो. आत अडकलेले पाणी आणि क्षार रंगाला फुगे आणतात, पोपडे सुटतात, भिंतीला लोणा लागतो.

दुसरी अडचण अधिक गंभीर होती. जुन्या तैलरंगांतील पांढरा म्हणजे सफेता बहुधा शिशाचा असे, आणि पिवळ्या-नारिंगी छटांतही शिशाचे क्रोमेट वापरत. गटार किंवा खाडीच्या चिखलातून येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडने शिशाचा पांढरा काळवंडतो. डोळ्यांना दिसणारा हा दोष. न दिसणारा दोष विषारीपणाचा आहे, आणि शिसे लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला सर्वाधिक घातक ठरते. आतल्या रंगकामात शिशाचा सफेता वापरू नये, असा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२१ मध्येच केला होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास टायटॅनियम डायऑक्साइडचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले आणि बिनविषारी पर्याय मिळाला. त्याचे खनिज, इल्मेनाइट, शेजारच्या रत्नागिरीच्या काळ्या वाळूत आढळते. तरीही भारतात घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा घालणारे नियम व्हायला २०१६ साल उजाडले.

आज किनाऱ्यावरची अनेक जुनी घरे पर्यटकांसाठी नव्याने रंगवली जातात. जुन्या शाळाही दुरुस्त होतात. अशा वेळी जुना तैलरंग कोरडाच खरवडला, तर शिशाची धूळ उडते. भिंत ओली करून खरवडावी, मुलांना दूर ठेवावे आणि निघालेला रंग गोळा करून वेगळा ठेवावा, एवढे तरी पथ्य पाळायलाच हवे.

नव्या न्हाणीघराला रंग निवडताना आम्ही असा क्रम सुचवू. आधी ओल कोठून येते ते पाहावे. मग भिंत चुन्याची की सिमेंटची ते पाहावे. चुन्याच्या भिंतीला चुनाच द्यावा, सिमेंटच्या भिंतीला बुरशीरोधक आणि शिसेविरहित रंग. छटा शेवटी ठरवावी. खोली लहान आणि अंधारी असेल, तर फिकी छटा उजेड वाढवील.

वर्गात करण्यासाठी एक प्रयोग. तीन कपांत चुन्याची निवळी घ्या. एकात हळद, दुसऱ्यात गेरू, तिसऱ्यात निळीची पावडर घाला आणि आठवडाभर नोंदी ठेवा. चुना डोळ्यांत उडणार नाही याची काळजी शिक्षकांनी घ्यावी. कोणता रंग टिकला आणि का, हे विद्यार्थ्यांनी स्वतः लिहावे. नंतर गावातील जुन्या घरांच्या भिंतींचे रंग पाहून त्यांची यादी करावी आणि ती आपल्या नोंदींशी ताडून पाहावी.